वीस पोत्यांचा दोर

दोर वळणारा माणूस उलटा चालतो. वाखाचा, म्हणजे अंबाडीच्या तंतूंचा, भारा कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक समोरच्या चाकाच्या आकड्याला अडकवायचं, आणि चाक फिरू लागलं की बोटांतून वाख सोडत सोडत एकेक पाऊल मागे सरकायचं. डोळे हातांवर, तोंड चाकाकडे आणि पाठ जिकडे जायचं तिकडे. शेड दीडशे पावलं लांब. पुढच्या क्षणी टाचेखाली काय येणार, हे चालणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. म्हणून या धंद्यातली जुनी माणसं चालताना तोंडाने देवाचं नाव घेत. पाठीला डोळे नाहीत; मग पाठ ज्याच्या हवाली करायची त्याला निदान हाक तरी मारावी, इतकी ती साधी गोष्ट.

मीरावांनी चाकाच्या खांबावर आरसा टांगला होता.

आरसा चांगला हातभर रुंद. त्यात मागची वाट दिसे, आणि वाटेच्या अलीकडे स्वतः मीराव दिसत. खरं सांगायचं तर वाटेपेक्षा तेच जास्त दिसत. आरसा लावल्यापासून दोन वर्षांत ते तीनदा आपटले होते. त्यांचे वडील त्याच शेडमध्ये चाळीस वर्षं उलटे चालले आणि एकदाही पडले नाहीत. पण मीरावांनी पडण्याचा दोष जमिनीला दिला, जमीन उकरून पुन्हा सपाट करून घेतली आणि चौथ्यांदा पडायला मोकळे झाले.

मीराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दहा शब्द बोलले तर त्यात चार वेळा ‘मी’ यायचं, म्हणून गल्लीने ते ठेवलेलं. त्यांच्या कानावरही गेलं होतं. पण शेवटी ‘राव’ आहे एवढंच त्यांनी ऐकलं आणि मान म्हणून ठेवून घेतलं. काही माणसांना टोमणा मारणंही कठीण असतं. ती तो गळ्यात घालून मिरवतात.

चाक फिरवायची त्यांची थोरली बहीण. गल्ली तिला ताई म्हणे. तिचं लग्न पलीकडच्याच गल्लीतल्या रंगाऱ्याशी झालेलं, पण वडिलांच्या वेळेपासून चाक तिच्या हातात होतं आणि लग्नानंतरही सकाळचे चार तास ती येऊन चाकाशी उभी राहायची. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती देवाचं नाव घ्यायची, ओठांतल्या ओठांत, कुणाला ऐकवायला नव्हे. मीरावांना तेवढंही खपत नसे.

“ताई, चाकाला तेल लागतं. नाव नाही लागत.”

“तेल चाकाला, नाव मला,” ताई म्हणायची आणि फिरवत राहायची.

दोर मात्र मीराव चांगला वळत, हे कबूल केलं पाहिजे. पीळ सारखा, पेड गोल, कुठे गाठ नाही की कुसळ नाही. पण गाढवही ओझं नीट वाहतं. म्हणून त्याने पालखी मागावी असं नाही. मीरावांना हाताची कला वडिलांकडून मिळाली होती, वाख शेतकऱ्याकडून, चाक सुताराकडून आणि फेरे बहिणीकडून. इतक्या सगळ्यांचं घेऊन झाल्यावर जे उरलं, ते त्यांचं स्वतःचं. ते म्हणजे दुकानावरची पाटी.

आता रंगाऱ्याविषयी. ताईचा नवरा उंच कामं करायचा: कारखान्यांच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या, सात-सात मजल्यांच्या भिंती. वरच्या कठड्याला दोर बांधायचा, दोराला फळी, फळीवर आपण, बाजूला रंगाची बादली, आणि वरून रंगवत रंगवत दोर सोडत खाली यायचं. माणूस शांत, बोलणं कमी, आणि जे बोलायचा तेही आधी दोनदा गिळून. या टांगून काम करणाऱ्या लोकांचा एक रिवाज होता. फळीचा दोर एक, आणि कमरेला बांधलेला दुसरा. दुसरा दोर सैल सोडलेला असे. तो काही उचलत नसे, काही पेलत नसे. त्याला ते देवाचा दोर म्हणत. माणसाने वळलेल्या दोरावर माणसाने खुशाल बसावं, पण त्या एकट्याच्या जिवावर बसू नये, एवढंच सांगायला तो असायचा. रंगाऱ्याचा देवाचा दोर वीस वर्षांत एकदाही ताणला गेला नव्हता, आणि वीस वर्षांत एकदाही तो घरी राहिला नव्हता.

गावची मोठी टाकी रंगवायला निघाली तेव्हा कंत्राटदार रंगाऱ्याला घेऊन शेडमध्ये नवीन दोर घ्यायला आला. मीरावांनी तीन पेडांचा, अंगठ्यापेक्षा जाड असा नवाकोरा दोर पुढे टाकला आणि त्याची तारीफ सुरू केली. कंत्राटदार ऐकून घेत होता. शेवटी त्याने सहज विचारलं, की दुसरा दोरही इथूनच घ्यायचा की रंगाऱ्याकडे आहे.

“दुसरा कशाला?” मीराव म्हणाले. “मी वळलेल्या दोराला जामीन लागत नाही.”

कंत्राटदार हसला. दोराचं काय हो, म्हणाला, तुटेपर्यंत सगळेच चांगले.

विनोद फार मोठा नव्हता, आणि कंत्राटदार तो बाहेर पडेपर्यंत विसरलाही असेल. पण मीरावांच्या मनात तो कुसळासारखा राहिला. देवाचा दोर आजवर त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. पण त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच कळलं की तो दोर म्हणजे आपल्यावर घेतलेला संशय आहे. वीस वर्षं बहिणीचा नवरा आपल्या दोरावर बसतो आणि वीस वर्षं दुसऱ्याचा हात धरून ठेवतो! आणि कुणाचा हात? जो कधी दिसला नाही, ज्याने कधी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, ज्याच्या बोटांना कधी घट्टा पडला नाही.

दोर रंगाऱ्याला देण्याआधी त्यांनी तो अंगणातल्या तुळईला टांगला आणि त्याला वाळूची पोती लावली. रंगारी, फळी आणि बादली मिळून दीड पोत्याचं वजन होतं. मीरावांनी दहा लावली. कंत्राटदाराला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं. दोर टिकला. कंत्राटदार म्हणाला, वा. तेवढ्याने भागलं असतं, पण ‘वा’ची चव वाईट असते, एकदा जिभेला लागली की माणूस भांडं चाटत बसतो. दुसऱ्या दिवशी दुकानदार आले, त्यांच्यासाठी पंधरा पोती. मग रंगाऱ्याच्या जोडीचे लोक आले, त्यांच्यासाठी वीस. मग ज्यांनी पंधरा पाहिली होती त्यांना वीस बघायची होती. आठ दिवसांत तो दोर सात वेळा टांगला गेला.

वडिलांच्या वेळी दोर पारखायची रीत निराळी होती. दोघांनी दोन टोकं धरून एकदा ओढायचं, कान लावायचा आणि गुंडाळून ठेवायचा. दोराला कामापुरतं विचारावं, जिवापर्यंत विचारू नये, असं ते म्हणत. बाकीचं बघायला वर कुणीतरी आहे. मीरावांना हे आठवत होतं, पण ते त्यांना आळशी माणसाचं बोलणं वाटे.

ताईने चौथ्या दिवशी चाक थांबवून विचारलं, “अरे, किती छळशील त्याला?”

“दोर आहे, जावई नाही.”

“जावयाला एवढं छळलं असतं तर तोही पळून गेला असता.”

आठव्या दिवशी मीरावांनी दोर उतरवून हातांनी मोजला. तो दोन हातांनी लांबला होता. इथे नीट लक्ष द्यायला हवं. ताणल्यावर लांबलेला आणि सोडल्यावर मागे न आलेला दोर हा मेलेला दोर असतो. वरून तो तसाच दिसतो, तितकाच गोरा, तितकाच गोल. पण आतला वाख तुटून गेलेला असतो. हे दोर वळणाऱ्याचं पोरही सांगेल. स्वतः मीरावांनी तीस वर्षांत निदान हजार गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, आणि तेही चढ्या आवाजात, की लांबलेला दोर दिसला की फेकून द्या, मूर्खपणा करू नका. पण ते दुसऱ्यांचे दोर. हा त्यांचा. त्यांनी दोनदा मोजला, दोन्ही वेळा दोन हात जास्तच भरला, आणि त्यांना वाटलं, वाढला. चांगल्या घरचं मूल अंगाने भरावं तसा आपला दोर वाढला.

त्यांनी वाढलेला दोन हातांचा तुकडा कापून दुकानात शोभेला टांगायला ठेवला आणि उरलेला दोर घेऊन रंगाऱ्याच्या घरी गेले. दोर दिला आणि अट घातली. हा दोर बांधायचा तर एकटा बांधायचा. दुसरा दोर कमरेला लावलेला दिसला, तर माझा परत आणून द्या आणि माझ्या उंबऱ्यालाही शिवू नका.

 ताई आतून आली आणि म्हणाली, की याचं ऐकू नका, याच्या डोक्यात वाळू गेली आहे. मीराव तिच्याकडे न बघता म्हणाले, “भावोजी, सरळ सांगा. तुमचा भरवसा माझ्यावर आहे की वरच्यावर?”

“दोघांवर आहे की,” रंगारी म्हणाला.

“दोघांवर म्हणजे एकावरही नाही.”

रंगाऱ्याने नेहमीप्रमाणे दोनदा गिळलं. त्याला घरात शांतता हवी होती. बायकोचा एकुलता भाऊ, सकाळचे चार तास बायको त्याच्याच शेडमध्ये. वाकडं आलं तर रोजच्या जेवणात खडा. त्याने मान हलवली. तो भला माणूस होता, पण त्या वेळी चुकला. जगातले निम्मे गर्विष्ठ अशाच भल्या माणसांनी पोसलेले असतात. यांचं मन दुखवायला नको म्हणून ते आपला जीव पुढे करतात.

मीराव परत निघाले तेव्हा ताईने दारातून ऐकवलं, “सुंभ जळतो रे, पीळ राहतो. पण यात सुंभ माझ्या घरचा आहे, एवढं लक्षात ठेव.”

त्यांनी ते ऐकलं आणि विसरले.

टाकीचं काम सुरू झालं त्या दिवशी दुपारी मीराव दुकानात तो दोन हातांचा तुकडा घेऊन बसले. एका टोकाचा पीळ उलगडून सुरेख गोंडा करायचा आणि खाली पुठ्ठ्यावर ‘वीस पोती’ असं लिहून खिळ्याला टांगायचं, असा बेत होता. त्यांनी अंगठ्याने पेड वेगळे केले. पहिला पेड सुटला तेव्हा त्यातून थोडा भुसा मांडीवर पडला. त्यांनी तो झटकला. दुसरा सोडला, पुन्हा भुसा. तिसऱ्याचा पीळ उलगडून त्यांनी आतला वाख चिमटीत धरला आणि हलकेच ओढला. तो नखाइतक्या लांबीच्या तुकड्यांत हातात आला.

मीरावांनी तो वाख नाकाशी नेला, बोटांत चोळला, उजेडाला धरला. तीस वर्षांची बोटं होती. ती मालकाचं ऐकत नाहीत, खरं तेच सांगतात. बाहेरून दोर, आत कोंडा.

टाकी दहा मिनिटांवर होती. मीराव उठले, चपला घातल्या, आणि शेडमधून चांगल्या दोराचं एक वेटोळं खांद्यावर टाकलं. इथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते दारापर्यंत आले आणि थांबले. खांद्यावर दुसरा दोर घेऊन मीराव टाकीकडे पळत निघाले, हे सगळ्या रस्त्याला दिसणार. दुकानदार विचारणार, कंत्राटदार विचारणार. न विचारताही सगळ्यांना कळणार. त्यांनी वेटोळं उतरवलं, दाराशी ठेवलं, आणि मुठीत तो कोंडा घेऊन रिकाम्या खांद्याने निघाले. मनाशी ठरवलं, की काहीतरी सांगून भावोजींना खाली बोलवू, मग दोर बदलू, कुणाला काही कळायला नको. एका माणसाचा जीव आणि स्वतःची लाज यांतलं त्यांनी काय खांद्यावर घेतलं आणि काय दाराशी ठेवलं, हे सांगायला वेगळा तराजू नको.

रस्त्याने ते पळालेही नाहीत. झपझप चालले.

टाकीखाली कंत्राटदार आणि रंग कालवणारे चार-पाच जण सावलीत बसले होते. वर टाकीच्या पोटाशी फळीवर रंगारी, गुडघे भिंतीला टेकवून, संथ हाताने पांढरा पट्टा ओढत होता. तो जमिनीपासून बारा पुरुष तरी उंच होता. वर चढायची शिडी टाकीच्या पलीकडच्या अंगाला. फळीवरून तिथे हात पोचणं शक्य नव्हतं. कमरेला काही नव्हतं. मीरावांनी त्या रिकाम्या कमरेकडे पाहिलं.

“भावोजी,” त्यांनी हाक मारली, “जरा खाली या. चहा घेऊ.”

वरून उत्तर आलं, की आत्ताच घेतला.

मग ते म्हणाले, रंग खालून एकसारखा दिसत नाही, येऊन बघून जा. कंत्राटदाराने मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, छान तर दिसतोय. मग ते म्हणाले, वारा सुटणार आहे. रंग कालवणाऱ्यांनी आभाळाकडे बघितलं. झाडाचं पान हलत नव्हतं. सावलीत कुणीतरी खुसखुसलं. सकाळी ज्याला जगात कुणाची गरज नव्हती तो माणूस आता वाऱ्याला जामीन ठेवू पाहत होता, आणि वारासुद्धा उभा राहायला तयार नव्हता. शेवटी मीरावांनी ठेवणीतली थाप काढली. ओरडले, “ताईला बरं नाही, घरी बोलावलंय.”

“मला काय झालंय?” मागून ताई म्हणाली.

ती दुपारचा डबा घेऊन आली होती. तिने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या आवळलेल्या मुठीकडे. “उघड,” म्हणाली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मूठ उघडली. जन्मभर चाक फिरवणाऱ्या बाईला त्या कोंड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिने डबा जमिनीवर ठेवला आणि वर बघून, आवाज न चढवता पण खणखणीत, नवऱ्याला खाली उतरायला सांगितलं. दोर चांगला नाही, म्हणाली.

रंगाऱ्याने ब्रश थांबवला नाही. दोर घरी आल्यापासून ती हेच म्हणत होती. पट्टा अर्धा सोडला तर वाळल्यावर जोड दिसेल, तो म्हणाला, एवढा पुरा करून उतरतो. मग काही आठवल्यासारखं त्याने खाली वाकून पाहिलं. त्याच्या वाकण्याने फळी हलली, आणि मीरावांना दोराचा बारीकसा करकर आवाज ऐकू आला.

“मेहुणे,” रंगारी म्हणाला, “दोर ठीक आहे ना?”

आता सगळे मीरावांकडे बघत होते. कंत्राटदारही उठून उभा राहिला. मीरावांच्या तोंडाशी ‘हो’ आलेलं होतं. ते मुद्दाम आणलेलं नव्हतं. त्या तोंडाला दुसरं काही येतच नव्हतं. दोर ठीक आहे का, या प्रश्नाला तीस वर्षं त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. आणि गंमत अशी, की हा वेडा माणूस बायकोचं ऐकत नव्हता, कंत्राटदाराचं ऐकलं नसतं, पण यांच्या एका शब्दावर तो वर राहिला असता किंवा खाली आला असता. असा भरवसा मिळावा म्हणून तर त्यांनी वीस पोती टांगली होती. मिळाला होता. बारा पुरुष उंचीवर टांगलेला होता.

“नाही,” मीराव म्हणाले.

“काय?”

“नाही. दोर मेलाय. आतून. मी मारला.”

 रंगाऱ्याने ब्रश बादलीत उभा केला, हळूच, जणू बादली झोपलेली आहे. मग त्याने विचारलं, “दुसरा आणलात?”

“नाही.”

“शेडमध्ये चाळीस दोर आहेत.”

“आहेत.”

“मग?”

 उत्तर ताईनेच दिलं. “लाज वाटली असेल,” ती म्हणाली. “लोक बघतील म्हणून.” तिने ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की शिवी दिली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. तिने एका रंग कालवणाऱ्याला शेडकडे पिटाळलं. पण जाऊन यायला, वर चढायला, बांधायला अर्धा तास. आणि टांगून राहिलं की दोर आणखी थकतो. रंगाऱ्याने वरूनच सांगितलं, की थांबण्यात अर्थ नाही, उतरतो. त्याने बादली दोरीने खाली सोडली, तेवढंच वजन कमी. मग गाठ सैल केली आणि वीतवीत दोर सोडत, फळीला हिसका बसणार नाही असा, खाली यायला लागला.

मीराव खाली उभे होते. त्यांच्या हातांना करायला काहीच नव्हतं, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ओढायला दोर नाही, धरायला टोक नाही. बोटं आपोआप वाख सोडल्यासारखी हलत होती. मग त्यांना आठवलं, की अशा वेळी माणसं देवाला हाक मारतात, आणि त्यांनीही मारली. पण सवय नसलेल्याची हाक ती; ती हुकूम होऊन निघाली. हळू उतरव, ते मनात म्हणाले. डावीकडचा पेड कच्चा आहे, तिकडे भार येऊ देऊ नकोस. कठड्याच्या कडेला दोर घासतोय, तिथे लक्ष ठेव. ज्याने वाख उगवला त्याला मीराव दोर सांभाळायला शिकवत होते.

रंगारी अर्ध्यावर आला तेव्हा वर फाट असा आवाज झाला. एक पेड तुटून उलगडला आणि हवेत गरगर फिरत राहिला. फळी हातभर खाली आली, तिरकी झाली, थांबली. ताईचे ओठ हलत होते. चाकाशी हलायचे तसेच, घाई न करता. रंगारी दोर धरून डोळे मिटून बसला, मग उघडून पुन्हा वीतभर उतरला.

मीरावांच्या सूचना संपल्या. आता काय सांगायचं, कुठला पेड, कुठली कड, त्यांना सुचेना. सगळं येणाऱ्या माणसाला एकच शब्द उरला. धर, ते म्हणाले. धर. पुढे काही जोडायचं राहिलं नाही. कुणी धरायचं, कसं धरायचं, काही नाही. नुसतं धर.

किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नसतं. रंगाऱ्याचे पाय जमिनीला लागले. तो फळीवरून उठला, दोन पावलं चालला आणि टाकीच्या खांबाला पाठ लावून खाली बसला. ताई त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. रंग कालवणाऱ्यांपैकी एकजण नाक शिंकरू लागला.

आता माणूस कसा असतो बघा. पाय जमिनीला लागले रंगाऱ्याचे, पण जिवात जीव आला मीरावांच्या, आणि जीव आला तो एकटा आला नाही. सगळं जुनं सामान घेऊन आला. त्यांची पाठ सरळ झाली. त्यांनी वर टांगलेल्या दोराकडे पाहिलं. एक पेड लोंबत होता, पण दोन शाबूत होते. चेहऱ्यावर रंग चढला.

“बघितलंत?” ते कंत्राटदाराकडे वळून म्हणाले. “एक पेड गेला, तरी दोन पेडांनी माणूस उतरवला. मी वळलेला होता म्हणून. दुसऱ्या कुणाचा असता तर—”

कंत्राटदाराने मान फिरवली.  ताई भावाकडे बघत राहिली, एखाद्या मुलाने सगळा धडा पाठ म्हणून दाखवावा आणि शेवटी पहिल्याच प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यावं, तेव्हा बघतात तशी. रागही नव्हता तिच्या नजरेत. रागाला समोर कुणीतरी लागतं.

बोलला तो रंगारी. या वेळी त्याने एकदाही गिळलं नाही.

“मेहुणे, मग या. बसा.” त्याने फळी पायाने मीरावांकडे सरकवली. “वर नाही जायचं. आम्ही इथूनच ओढतो, दोन पुरुष उंच. तुमचाच दोर आहे. दोन पेड शाबूत आहेत म्हणता.”

फळी मीरावांच्या पायाशी येऊन थांबली. तिच्यावर ओला पांढरा रंग सांडला होता आणि त्यात रंगाऱ्याच्या पाचही बोटांचे ठसे उठले होते. फळीची कड त्याने किती घट्ट धरली होती, ते त्या ठशांवरून कळत होतं. मीरावांनी एक पाय पुढे टाकला. त्यांना बसायचं होतं. निदान बसायचं आहे असं दिसायला हवं होतं. त्यांनी दोराला हात घातला. तीस वर्षांच्या बोटांनी दोर धरला आणि पुन्हा खरं तेच सांगितलं. हात मागे आला.

“नाही बसत,” ते म्हणाले.

“का?”

“भीती वाटते.”

ते इतक्या हळू बोलले, की रंग कालवणाऱ्यांना ऐकू गेलं नसेल. रंगाऱ्याला गेलं. त्याने मान हलवली. मीरावांना वाटलं होतं तो हसेल. आपण असतो तर हसलो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“मला रोज वाटते,” रंगारी म्हणाला.

त्याने डबा ओढून घेतला आणि झाकण उघडायला लागला, पण झाकण निघेना. ताईने ते काढून दिलं. दोघं जेवायला बसले. मीराव उभे होते. कुणी त्यांना बस म्हटलं नाही, कुणी सरकून जागा केली नाही. मग ते आपणहून खाली बसले, जरा दूर, उन्हात, हात गुडघ्यांवर उघडे ठेवून. शेडकडे पिटाळलेला माणूस खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन धापा टाकत येताना दिसला, आणि सगळा रस्ता त्याच्याकडे वळून बघत होता. मीरावांनीही बघितलं. तोंड फिरवलं नाही.